सरदारगृहातील नामावळी : स्टॉकहोमच्या रिद्दारहूसेतमधील एक भाषिक पाहणी

स्टॉकहोमच्या ज्या बेटावर स्वीडनचा राजवाडा उभा आहे, त्याच बेटाच्या पश्चिमेच्या बाजूला तांबड्या विटांची आणि वालुकाश्माच्या अर्धस्तंभांनी नटविलेली एक भव्य वास्तू आहे. तिचे नाव रिद्दारहूसेत. स्वीडिश भाषेत निश्चितताबोधक उपपद नामाच्या आधी न येता त्याच्या शेवटी जोडले जाते. 'हूस' म्हणजे घर आणि 'हूसेत' म्हणजे ते विशिष्ट घर. 'रिद्दारे' या शब्दाला मराठीत सर्वांत जवळचा शब्द 'शिलेदार' हाच होय. स्वतःचा घोडा व स्वतःची शस्त्रे घेऊन राजाच्या चाकरीस येणारा तो शिलेदार. आणि स्वीडिश उमरावशाहीचा उगम नेमका अशाच चाकरीत आहे. सुमारे १२८० मध्ये राजा माग्नुस लादुलोस याने घोडदळाची सेवा देणाऱ्यांना करमाफी दिली, आणि कर देणारा व करमुक्त असे समाजाचे दोन भाग पडले. या करमुक्तांचे वंशज पुढे उमराव म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांच्या सभेचे घर ते रिद्दारहूसेत. सोयीसाठी आपण त्याला सरदारगृह म्हणू.

प्रस्तुत लेखकाने या वास्तूच्या मुख्य दालनात काही वेळ काढला, तो स्थापत्य पाहण्याच्या हेतूने नव्हे. त्या दालनाच्या भिंती खालपासून वरपर्यंत कुलचिन्हांनी झाकलेल्या आहेत. तांब्याच्या पत्र्यांवर रंगविलेली अशी सुमारे २,३०० चिन्हे तेथे आहेत. प्रत्येकाखाली एक नाव व एक क्रमांक. भाषेच्या अभ्यासकाला या भिंती म्हणजे उघडून ठेवलेला नामकोश वाटला, तर त्यात नवल नाही. या नामकोशाला एक व्याकरण आहे, आणि ते कसे घडले हे दाखविण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी वास्तूविषयी थोडके. बांधकाम १६४१ मध्ये सुरू झाले आणि १६७४ मध्ये संपले. पहिला वास्तुकार सिमों द ला व्हाले हा फ्रेंच. १६४२ मध्ये स्टॉकहोमच्या मोठ्या चौकात एका उमरावाने त्याच्यावर प्राणघातक वार केले.  ज्या वर्गासाठी घर बांधावयाचे त्याच वर्गातील माणसाच्या हातून वास्तुकाराचा अंत व्हावा, हा दैवदुर्विलासच. त्याच्यामागून हाइनरिख विल्हेल्म हा जर्मन, मग योस्ट विंगबोन्स हा डच, आणि अखेरीस पहिल्याचा मुलगा जाँ द ला व्हाले यांनी काम पुढे नेले. दोन टप्प्यांनी उतरणारे जे छप्पर मुलाने चढविले, त्याचे अनुकरण पुढे स्वीडनभरच्या वाड्यांवर झाले. दर्शनी भागावर लॅटिन लेख आहेत; त्यांतील एकाचा आशय, पूर्वजांच्या उज्ज्वल उदाहरणांस अनुसरून, असा आहे. पूर्वजांचा हा उल्लेख वाचकांनी ध्यानात ठेवावा. आत गेल्यावर त्याची वेगळीच प्रचीती येते.

समोरच्या चौकात राजा गुस्ताव वासा याचा १७७४ मध्ये उभारलेला पुतळा आहे. आपल्या विषयाचा आरंभ येथूनच करणे सोयीचे. या राजाला इतिहास 'वासा' म्हणतो. परंतु तो स्वतःला गुस्ताव एरिकसोन, म्हणजे एरिकचा पुत्र गुस्ताव, असेच म्हणवीत असे. 'वासा' हे नाव त्याच्या ढालीवरील पेंढीच्या आकृतीवरून इतिहासकारांनी रूढ केले. मध्ययुगीन स्वीडनमध्ये उमरावाला आडनाव नसे. स्वतःचे नाव आणि बापाचे नाव एवढ्यावर भागे. कूळ ओळखावयाचे ते ढालीवरून. म्हणजे कुळाचे नाव उच्चारले जात नव्हते, ते रंगविले जात होते. आजही स्वीडिश इतिहासग्रंथांत पंधराव्या शतकातील राजा कार्ल क्नुतसोन याच्या नावापुढे 'बून्दे' हे कुलनाम कंसात घालतात. तो कंस या जुन्या परिस्थितीची आठवण आहे.

या परिस्थितीत बदल घडविला तो १६२६ च्या सरदारगृहाच्या नियमावलीने. राजा दुसरा गुस्ताव आदोल्फ आणि त्याचा मुख्य प्रधान आक्सेल ऊक्सेनशेर्ना यांनी उमरावांची सभा रीतसर बांधली. कोण उमराव आणि कोण नव्हे, याचा निर्णय आता एका नोंदवहीवर आला. घराण्याचा सभेत 'प्रवेश' व्हावयाचा, त्याला क्रमांक मिळावयाचा, चिन्ह भिंतीवर लागावयाचे. काउंट, बॅरन आणि पदवीरहित उमराव अशा तीन पायऱ्यांची क्रमांकमाला वेगवेगळी. बढती मिळालेल्या घराण्याला नव्या पायरीवर नवा क्रमांक मिळे. आता नोंदवही म्हटली की तिच्यात चित्र लिहिता येत नाही, शब्द लिहावा लागतो. प्रत्येक पिढीत बदलणारे पितृनाम येथे निरुपयोगी होते. तेव्हा जुन्या घराण्यांनी ढालीवर जे दिसत होते त्याचे शब्दांत वर्णन केले आणि तेच आडनाव ठरले. गावावरून किंवा वतनाच्या कामावरून पडलेल्या आडनावांची सवय असलेल्या मराठी वाचकाला चित्राचे भाषांतर होऊन आडनाव बनते ही कल्पना काहीशी अपरिचित वाटेल. म्हणून थोडी उदाहरणे देतो.

'स्पारे' म्हणजे छपराचा वासा. चिन्हावर छपराच्या उतारासारखा कोन. 'बियेल्के' म्हणजे तुळई; चिन्हावर आडवा पट्टा. 'लेयोनहूवुद' म्हणजे सिंहाचे मस्तक, 'स्वीनहूवुद' म्हणजे डुकराचे मस्तक. आणि हे दुसरे नाव धारण करणारा एक गृहस्थ विसाव्या शतकात फिनलंडचा राष्ट्राध्यक्षही झाला. 'नात ओक दाग', शब्दशः 'रात्र आणि दिवस', हे नाव तर केवळ ढालीचे वर्णन आहे : वरचा अर्धा भाग सोनेरी, खालचा निळा. ते घराणे सरदारगृहात १३ व्या क्रमांकावर नोंदले गेले, पण त्यातील माणसे त्यानंतरही बराच काळ आपल्या पितृनामानेच वावरली. वर्णनाचे आडनाव व्हावयास वेळ लागला.

चित्र आणि नाव यांचा मेळ मात्र नेहमीच बसतो असे नाही. वर ज्याचा उल्लेख आला त्या 'बून्दे' या नावाचा अर्थ आहे शेतकरी, आणि ढालीवर आहे होडी. ऊक्सेनशेर्ना हे नाव याहूनही मनोरंजक आहे. त्याचा उत्तरभाग आजच्या स्वीडिश वाचकाला 'तारा' या अर्थाचा वाटतो, आणि पूर्वभाग 'बैल'. बैलतारा म्हणजे काय? ढालीकडे पाहिले की उलगडा होतो. तेथे तारा नाही. बैलाचे कपाळ व शिंगे आहेत. उत्तरभाग मुळात कपाळवाचक जर्मन 'श्टिर्न' या शब्दाच्या कुळातला असून स्वीडिश मुखात तो ओळखीच्या ताऱ्याच्या रूपात मिसळून गेला. लोकव्युत्पत्तीचे इतके स्वच्छ उदाहरण, आणि तेही सोबत चित्राचा पुरावा असलेले, क्वचितच सापडते. याउलट 'यिल्लेनशेर्ना' या घराण्याच्या ढालीवर खरोखरच सोनेरी तारा आहे. दोन्ही नावांचा उत्तरभाग सारखा, एक कपाळातून आलेला व दुसरा आकाशातून. हे दुसरे घराणे मूळचे डॅनिश; 'हॅम्लेट'मधील गिल्डनस्टर्न तो हाच शब्द, हे आपल्या नाटकप्रेमी वाचकांस ठाऊक असेल किंवा नसेल.

रचनेच्या दृष्टीने ही नावे सामासिक आहेत आणि त्यांना आपल्या व्याकरणाची परिभाषा फार चांगली लागू पडते. 'सिंहमस्तक' हा शब्द घडणीने षष्ठी तत्पुरुष. परंतु घराण्याचे नाव म्हणून वापरताना तो बहुव्रीहीचे काम करतो : ज्याच्या ढालीवर सिंहाचे मस्तक आहे तो. याच लेयोनहूवुद घराण्याच्या एका शाखेने आपल्या नावाचे जर्मन रूप 'लेवेनहाउप्त' हे स्वीकारले; काउंटांच्या यादीत तिचा क्रमांक दुसरा आहे. एकाच कुळाच्या दोन शाखा एकच अर्थ दोन भाषांत वागवीत एकाच दालनात टांगलेल्या आहेत. जर्मन ही त्या काळी युद्धाची व प्रतिष्ठेची भाषा होती. तीस वर्षांच्या युद्धात स्वीडिश सरदारांची एक पिढीच्या पिढी जर्मन भूमीवर वावरली होती.

येथवर झाले ते जुन्या घराण्यांचे. खरी भाषिक गंमत यानंतर सुरू होते. राणी क्रिस्तिनाने १६४४ ते १६५४ या दशकात उमरावपदे सढळ हाताने वाटली, आणि पुढच्या राजांना सैन्य व कारभार यांसाठी माणसे हवी होती. लष्करी अधिकारी, न्यायाधीश, कारकुनीतून वर चढलेले सचिव, धर्मोपदेशकांचे पुत्र असे लोक भराभर सरदारगृहात येऊ लागले. त्यांच्यापाशी पूर्वजांची ढाल नव्हती. तेव्हा क्रम उलटला. आधी नाव रचावयाचे आणि नावाला शोभेल असे चिन्ह रंगवावयाचे. आधीच्यांच्या बाबतीत चित्रातून शब्द निघाला. नव्यांच्या बाबतीत शब्दातून चित्र.

ही नावे रचण्याची पद्धत भाषाशास्त्रज्ञाला हेवा वाटावा इतकी नियमबद्ध आहे. पूर्वपदांचा एक ठराविक संच : 'यिल्लेन' सोनेरी, 'सिल्वर' रुपे, 'एरेन' मान, 'आदलर' गरुड, 'लागर' विजयपर्ण, 'रूसेन' गुलाब. उत्तरपदांचा दुसरा संच : 'येल्म' शिरस्त्राण, 'शेल्द' ढाल, 'स्वेर्द' तलवार, 'क्रान्त्स' माळ, 'क्रॉइत्स' क्रूस, 'क्रोना' मुकुट. एका रांगेतून एक उचलावे, दुसरीतून एक, की घराणे तयार. यिल्लेनयेल्म, सिल्वरयेल्म, लागरक्रान्त्स, आदलरक्रॉइत्स, एरेनस्वेर्द, एरेनक्रोना ही सर्व नावे भिंतीवर आहेत. यांतील 'एरेन', 'आदलर' ही पदे सरळ जर्मन. गरुडाला स्वीडिश शब्द 'एर्न' आहे आणि 'एर्नशेल्द' हे नावही आहे. तरी आदलरची चलती अधिक. मला वाटते, पुढे पुढे या पूर्वपदांचा मूळ अर्थ बराचसा विरून गेला. 'यिल्लेन' ऐकल्यावर कोणाला सोने आठवत नसावे. 'हा उमराव' एवढाच बोध होत असावा. अर्थवाचक पद वर्गवाचक उपसर्गाच्या पातळीवर उतरल्याचा हा प्रकार आहे.

दालनाचे छत पाहण्यासाठी मान वर केली, तरी हा विषय पाठ सोडत नाही. छतावरील रूपकात्मक चित्र १६७० ते १६७५ या काळात रंगविणारा चित्रकार हाम्बुर्गहून आलेला दाविद क्लोकर. काम चालू असतानाच, १६७४ मध्ये, त्याला उमरावपद मिळाले आणि तो 'एरेनस्त्राल', म्हणजे मानकिरण, झाला. ज्या यंत्रातून भिंतीवरील नावे निघाली त्यातूनच छताच्या चित्रकाराचेही नाव निघाले.

नवे नाव जुन्याशी अगदीच तुटलेले असे मात्र नसे. 'नूर्देनबेर्य'चा १७५१ मध्ये 'नूर्देनशेल्द' झाला : पूर्वपद राखले आणि डोंगराच्या जागी ढाल आली. (१८७८-७९ मध्ये 'वेगा' जहाजातून आशियाच्या उत्तरेकडील सागरी मार्ग पार करणारा संशोधक याच घराण्यातला.) बिशप स्वेदबेर्य यांची मुले १७१९ मध्ये 'स्वेदेनबोर्य' झाली, गूढवादी स्वीडनबोर्ग म्हणून आपण ओळखतो ते त्यांतलेच. येथेही डोंगराचा किल्ला झाला. 'तेर्नक्विस्त', म्हणजे काटेरी डहाळी, या नावाच्या वास्तुकाराला १७१२ मध्ये 'आदेलक्रान्त्स', म्हणजे कुलीनतेची माळ, हे नाव मिळाले. येथे मात्र दोन्ही पदे गेली. राहिली ती फक्त दोन पदांची चौकट.

या शेवटच्या उदाहरणातच समाजाचा आराखडा दडलेला आहे. स्वीडनची जुनी संसद चार श्रेणींची होती : उमराव, धर्मोपदेशक, नागर व्यापारी आणि शेतकरी. प्रत्येक श्रेणीची नावे वेगळ्या घडणीची. शेतकऱ्याला बापाचे नाव व त्यापुढे 'सोन' किंवा मुलीसाठी 'दोत्तर'. धर्मोपदेशकाला 'इउस' किंवा 'आन्दर' हे लॅटिन-ग्रीक शेपूट. व्यापाऱ्याला डोंगर, प्रवाह, डहाळी, लिंडेनचे झाड अशा निसर्गशब्दांची जोडी. बेर्यस्त्रेम, लिंदग्रेन ही त्या घाटाची नावे. उमरावालाही जोडनावच, पण धातू, शस्त्रे आणि हिंस्र प्राणी यांचे. समासाचे यंत्र एकच, कोठारे दोन. सैनिकाची गोष्ट आणखी निराळी. एका तुकडीत अनेक आंदेर्ससोन असल्यास हुकूम कोणाला समजावयाचा? म्हणून त्याला 'रास्क' (चपळ) किंवा 'मूदिग' (धीट) असे एकाच दमात उच्चारता येणारे नाव देत.

हा सारा जिना एकाच घराण्यात पाहावयाचा असेल तर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेअस याचे पाहावे. त्याचे आजोबा इंगेमार बेंग्टसोन, शेतकरी, नाव पितृनामाचे. वडील नील्स इंगेमारसोन शिकून धर्मोपदेशक झाले आणि घराण्याच्या जमिनीवरील एका जुन्या लिंडेन वृक्षावरून त्यांनी 'लिनेउस' हे लॅटिन नाव घेतले. मुलगा कार्ल लिनेउस उमराव होऊन कार्ल फोन लिने झाला. सनद १७६१ ची असली तरी पद १७५७ पासूनचे धरले गेले. तीन पिढ्या, तीन श्रेणी, तीन घडणींची नावे. आणि त्या सर्वांच्या बुडाशी एक झाड. त्याच्या चिन्हातही शिरस्त्राणे-तलवारींची आरास नाही. सृष्टीच्या तीन राज्यांचे तीन रंग, मध्ये एक अंडे, आणि त्याच्याच नावाने ओळखले जाणारे लिनेआ हे लहानसे रानफूल. सबंध भिंतीवरील सर्वांत समजूतदार चिन्ह कोणते असे कोणी विचारल्यास मी याकडे बोट दाखवीन.

नाव देता येते तसे ते काढूनही घेता येते. १७९२ मध्ये राजा तिसरा गुस्ताव याच्यावर मुखवट्यांच्या नृत्यसमारंभात गोळी झाडली ती याकोब योहान आंकारस्त्रेम या उमरावाने. देहदंडापूर्वी त्याला चौकाचौकांत जाहीर फटके मारण्यात आले, आणि त्या चौकांत सरदारगृहासमोरचा हा चौकही होता. त्याच्या कुटुंबीयांनी पुढे 'लेवेनस्त्रेम' हे नाव घेतले. 'आंकार' म्हणजे नांगर आणि 'स्त्रेम' म्हणजे प्रवाह. नांगराच्या जागी सिंह आला, प्रवाह तसाच राहिला. ज्यांना उजळ माथ्याने जगावयाचे होते त्या निरपराध मुलांसाठी व्याकरणाने एवढी वाट काढून दिली. पूर्वपद बदलले की माणूस निराळा झाला, पण भिंतीवरचा उमराव उमरावच राहिला.

उमरावपद केवळ पुरुषशाखेतूनच पुढे जाते. मुलगी जन्माने उमराव, परंतु तिची मुले बापाच्या कुळाची. घराण्यातील शेवटचा पुरुष मरण पावला की त्याच्या अंत्यविधीत कुलचिन्ह फोडून टाकण्याची जुनी चाल होती. दालनातील पत्रे मात्र उतरविले जात नाहीत. आज जिवंत घराणी सहाशेहून थोडी अधिक आहेत. म्हणजे भिंतीवरील चार नावांतील जवळजवळ तीन नावांना आता धनी उरलेला नाही. त्यांचे लेखनही त्या काळचेच राहिले आहे. १९०६ मध्ये स्वीडिश शुद्धलेखनाची सुधारणा होऊन 'हूवुद' या शब्दातील जुनी जोडाक्षरे गेली. शब्दकोशातील डोके नव्या लेखनाचे झाले, घराण्यांच्या नावांतील डोकी मात्र जुन्याच लेखनाची आहेत.

याच दालनात ४ ते ७ डिसेंबर १८६५ या चार दिवसांत उमरावांनी आपल्याच सत्तेचा प्रश्न चर्चेला घेतला. चार श्रेणींची संसद मोडून दोन सभागृहांची निर्वाचित संसद आणावी, असा लुई दे येर यांचा प्रस्ताव होता. दे येर स्वतः उमराव. बाहेर चौकात लोक निकालाची वाट पाहात होते. ३६१ विरुद्ध २९४ मतांनी प्रस्ताव संमत झाला. पूर्वजांच्या उदाहरणांचा लेख मिरविणाऱ्या घरात बसून ज्या ३६१ जणांनी आपला जन्मसिद्ध मताधिकार सोडला, त्यांच्याविषयी आदर वाटल्याखेरीज राहात नाही. मात्र बाहेरच्या गर्दीचा त्यात वाटा किती, हेही विचारले पाहिजे. पुढे एकेक विशेषाधिकार गळत गेला, आणि उरलेसुरलेही २००३ मध्ये कायद्याने रद्द झाले. आता सरदारगृह ही खाजगी स्वरूपाची संस्था आहे. ती वास्तू आणि वंशावळींचे दप्तर सांभाळते. पाहुण्यांना दालन खुले असते, परंतु वेळ मर्यादित. जाणाऱ्याने आधी चौकशी करून जावे आणि मनात एखादे नाव धरून जावे, नाहीतर दोन हजार ढालींत नजर हरवते.

माझ्या मनात होते ते २,३४४ या क्रमांकाचे नाव. तिबेट व मध्य आशियाचा प्रवासी स्वेन हेदीन याला १९०२ मध्ये उमरावपद मिळाले. हाच हेदीन १९०६ मध्ये सिमल्यास येऊन राहिला होता आणि इंग्रज सरकारने तिबेटची वाट नाकारल्यावर लडाखमार्गे आत शिरला होता. १८०९ च्या राज्यघटनेनंतर नव्या उमरावाचे पद सबंध कुटुंबाला न मिळता केवळ कुटुंबप्रमुखाला मिळे. हेदीन अविवाहित राहिला आणि १९५२ मध्ये त्याच्याबरोबर ते घराणेही संपले. त्याच्यानंतर कोणाही स्वीडिश नागरिकाला उमरावपद दिले गेले नाही. त्याच्या पत्र्याखाली नाव आहे ते नुसते 'हेदीन' : ना सोने, ना गरुड, ना ढाल.